तीन टिंबांखालचं स्वरूप

बसा मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसून घ्या. जे खांबाला टेकलेत त्यांनी टेकूनच राहावं. तुमचा देवळाला आधार आहे.

तर मंडळी, आज एक प्रश्न घेऊन आलोय. छोटा आहे, पण मला आठवडाभर झोप लागू देत नाही. प्रश्न असा, की दिसत नसेल तर वाकायचं कोणी? माणसानं की अक्षरानं?

तुम्ही म्हणाल, महाराज, हा काय प्रश्न झाला? आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, वाका. खरंय. देवापुढं वाकावं, आईबापापुढं वाकावं. पण टेबलावरच्या एका काचेपुढं, नाक काचेला लागेपर्यंत वाकायचं, ही नम्रता म्हणायची का मानेचं दुखणं? ऐका, म्हणून म्हटलंय —

नेत्र झाले थोडे, अक्षर ते सान ।
दोहोंमाजी कोण थोर व्हावे ॥

महादूकाका, मान डोलवू नका. हे कुठल्या संताचं नाही. काल दुपारी जेवणानंतर मीच केलंय. तुम्ही मृदंगावर एक थाप द्या, म्हणजे जुनं वाटेल. — हं. वाटलं बघा.

आता आख्यान ऐका.

आरळवाडी नावाचं गाव. गावच्या टेकडीवर सोनजाई देवी. चैत्रात तिची जत्रा भरते. माणूस इतकं येतं की टेकडी वजनानं खाली जाते आणि जत्रा झाली की पुन्हा वर येते. असं गावातले म्हणतात. मी मोजलेली नाही.

जत्रा म्हटली की काय हरवतं? सगळं हरवतं. चप्पल हरवते, पिशवी हरवते, सासू हरवते. काही सासवा मुद्दाम हरवतात, तो विषय आज नको. आणि हरवलेलं सापडावं म्हणून देवळाच्या पायथ्याला पत्र्याची एक खोली. त्या खोलीत एक माईक, टेकडीभर अठरा कर्णे, आणि माईकसमोर एक माणूस — धोंडीराम दिवटे. सगळे त्यांना धोंडीआण्णा म्हणायचे. वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं जत्रेची पुकारणी तेच करायचे.

आवाज काय होता माणसाचा. "लक्ष द्या" म्हटलं की झाडावरचे कावळे लक्ष द्यायचे. दोन बहिणी होत्या, लहानपणी भांडून वेगळ्या झालेल्या. आण्णांनी एकीचं नाव पुकारलं आणि दुसरीही आली. आवाजातच तशी सोय होती. रडकं पोर कर्ण्यातून त्यांचा आवाज ऐकून गप्प व्हायचं. घाबरून नव्हे. त्याला वाटायचं, आता कोणीतरी मोठं माणूस यात पडलंय.

पूर्वी कसं होतं — लोक खिडकीशी यायचे, चिठ्ठी द्यायचे, आण्णा वाचायचे. पण देवस्थान कमिटीनं सुधारणा केली. सुधारणा म्हटलं की आपण नमस्कार करायचा आणि बाजूला व्हायचं. आता जत्रेच्या चार दरवाजांवर चार टेबलं. कोण हरवलं, कोण सापडलं, ते तिथं संगणकावर लिहायचं. लिहिलं की ते आण्णांच्या खोलीतल्या पडद्यावर उमटणार. आण्णांनी ब्राउझर उघडायचा आणि वाचत सुटायचं.

ब्राउझर म्हणजे काय, मंडळी? म्हणजे खिडकी. जग बघायची खिडकी. आता घराला खिडकी करताना आपण काय करतो? पडदा आपल्या पसंतीचा लावतो. ऊन येत असेल तर काच काळी करतो. उंची आपल्या डोळ्याला बेतून घेतो. या खिडकीचंही तसंच असतं; तिचा रंग, तिच्यातल्या अक्षराचा आकार, सगळं ज्याचं त्यानं बेतून घ्यायचं असतं. पण हे निम्म्या जगाला कुणी सांगितलेलंच नाही. खिडकी जशी मिळाली तशी, आणि आपण डोळे बारीक करून तिच्यापुढं बसलोय.

धोंडीआण्णा तसेच बसले होते.

त्यात आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आडनाव दिवटे आणि उजेड एवढासा. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख जत्रेनंतरची दिलेली. चष्मा होता, पण मोतीबिंदूला चष्मा म्हणजे फुटक्या छपराला रांगोळी. पांढऱ्याफेक पानावर मुंगीएवढी अक्षरं. पान डोळ्यात घुसायचं आणि मुंग्या कुठल्याकुठं पळून जायच्या.

हे आण्णांनी कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. का? कारण त्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष बाजीराव खुस्पे यांनी एक यंत्र आणून ठेवलं होतं. पडद्यावर जे लिहाल ते यंत्रातली बाई वाचून दाखवायची. तिला चहा लागत नव्हता, तिचा घसा बसत नव्हता. आवाज असा, की तुमचं पोर हरवलंय हे ती "आपल्या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत" या चालीत सांगणार. खुस्पे सकाळीच आण्णांना म्हणाले होते, "धोंडीराम, गेल्या साली दोन चुका झाल्या. यंदा दुपारच्या आरतीपर्यंत बघतो. नाही जमलं तर बाईला बसवतो. तुझा मान आहे, नारळ देऊ."

एकतीस वर्षांचा आवाज, आणि एक नारळ.

आण्णा घरी गेले असते तर उपाशी मेले नसते. शेत होतं, दोन म्हशी होत्या. पण वर्षातले ते तीन दिवस म्हणजे आण्णांचं आयुष्य होतं. उरलेले तीनशे बासष्ट दिवस ते नुसते वाट बघायचे. तेव्हा कसंही करून दुपारची आरती निभवायची, असं ठरवून ते बसले. जे दिसेल ते वाचायचं. जे अंधूक दिसेल ते अंदाजानं वाचायचं. आणि जे दिसणारच नाही —

ते सोडून द्यायचं.

हो मंडळी. हे मी झाकून ठेवणार नाही. आण्णा ओळी गाळत होते. आख्यानातला माणूस चांगला असला म्हणजे तो चुकत नाही असं थोडंच आहे?

साडेनऊला एक नोंद आली. नाव बाळू, वय सात. आता लिहिणाऱ्यानं सातच्या पुढं टिंब दिलं. शाळेत शिकवलेलं, आकड्यापुढं टिंब द्यावं. आणि मोतीबिंदूत टिंबाचं काय होतं? टिंबाभोवती प्रभावळ येते. देवाच्या मागं असते तशी. टिंब फुगतं, फुगतं आणि शून्य होतं. सातवर शून्य. अठरा कर्ण्यांतून धोंडीआण्णांचा आवाज टेकडीवर पसरला —

"लक्ष द्या. दरवाजा क्रमांक दोनवर बाळू नावाचा मुलगा सापडला आहे. वय वर्षं सत्तर. निळी चड्डी घातली आहे. हातात फुगा आहे. सारखा आईला हाका मारतो आहे."

जत्रा थांबली. पाळणा वरच्या वर थांबला. पाळणेवाल्यालासुद्धा ऐकायचं होतं. भजी तळणारा म्हणाला, "सत्तरचा? मग आई किती वर्षांची असंल?" लोक दरवाजा दोनकडं निघाले. दर्शनाच्या रांगेतून निघाले, मंडळी. देवी काय, पुढच्या साली आहेच.

खऱ्या बाळूच्या आईनं फुग्यावरून ओळखलं आणि पोराला घेऊन गेली. ती आनंदात होती, तिनं वयाबद्दल तक्रार केली नाही. पण इकडं पुकारणीच्या खोलीच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. उंच, पांढरा फेटा, कानात कापसाचा बोळा.

"मी बाळू," म्हातारा म्हणाला.

आण्णांनी माईक बंद केला. "कोण बाळू?"

"सत्तरचा. एक जास्ती आहे, पण चालंल."

"बाबा, ते पोर होतं. निळी चड्डी होती."

"चड्डी निळीच आहे. धोतराखाली. दाखवू?"

"नको."

"फुगा नाही. पण फुगे फुटतात."

"आणि आईला हाका?"

"त्या देवीलाच मारत होतो." म्हातारा बाकावर टेकला. "बाळकू माझं नाव. पण बाळूच म्हणायचे. म्हणणारे गेले सगळे. आज कर्ण्यातनं कोणतरी म्हणालं, म्हणून आलो."

आण्णांनी विचारलं, "बाबा, तुम्ही हरवलाय का?"

म्हाताऱ्यानं यावर नीट विचार केला. "तेच विचारायला आलो. घरची माणसं शोधत असतील तर हरवलोय. नसतील तर नुसता फिरतोय. बघा की तुमच्यात, कोण शोधतंय का."

काय बोलला बघा. शोधणारा असेल तर हरवलोय, नसेल तर फिरतोय. पोथ्या वाचून हे सुचत नाही. त्यासाठी जत्रेत एकटं पडावं लागतं.

आण्णांनी पडद्याकडं पाहिलं. वरून खाली पाहिलं. पांढरा धुरळा आणि त्यात मुंग्या. आता खरं काय सांगायचं होतं? "बाबा, मला दिसत नाही." एवढंच. पण दुपारची आरती डोक्यावर होती. आण्णा म्हणाले, "नाही. कोणी शोधत नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला. "मग बसतो जरा सावलीत."

तेवढ्यात खुस्पे आले. बोलले, म्हणजे काय काय बोलले ते देवळात सांगण्यासारखं नाही. सार एवढंच, की दुपारची आरती म्हणजे दुपारचीच आरती. "सत्तर वर्षांचा मुलगा," ते जाता जाता म्हणाले. "अरे, फोटो काढायला माणसं आल्यात."

खोलीला लागून बांगड्यांचं दुकान होतं. दुकान जैतुनबी मणेर यांचं. वय बासष्ट. आरळवाडीच्या तीन पिढ्यांच्या मनगटांत त्यांनी बांगड्या भरलेल्या. माणसाचं नाव विसरतील, पण मनगट विसरायच्या नाहीत. पत्र्याच्या भिंतीतून सगळं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. त्या चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक म्हाताऱ्याला दिला, दुसरा आण्णांपुढं ठेवला. आण्णांनी कप घ्यायला हात पुढं केला आणि कपाच्या शेजारची दौत उचलली.

जैतुनबींनी ती काढून घेतली. "प्यायच्या आधी बरं झालं."

"उजेड डोळ्यावर येतोय," आण्णा म्हणाले.

"कुठला उजेड? पत्र्याची खोली आहे ही. आण्णा, किती दिवसांपासून दिसत नाही?"

"दिसतं की."

"माझ्या हातात काय आहे?"

"बांगड्या," आण्णा म्हणाले.

"बिस्कीट आहे."

अंदाज बरोबर होता, मंडळी. बांगडीवालीच्या हातात बांगडीच असणार. पण अंदाज तो अंदाज.

आण्णांचा चेहरा पडला. "बी, कुणाला बोलू नका. आरतीपर्यंत निभवतो. काचेला डोळा लावला की थोडं कळतं."

जैतुनबी खुर्ची ओढून बसल्या. "माझ्याकडं गिऱ्हाईक येतं. मनगट जाड असतं. मी काय करते? मोठ्या मापाची बांगडी काढते. का हात तासून बारीक करते?"

"माझा हात ठीक आहे."

"आण्णा, अक्षरं तुमच्या मापाची नाहीत. माप बदला."

"ती छापलेली आहेत. कंपनीनं."

"कसली कंपनी. सरका."

आता तुम्ही म्हणाल, या माउलीला हे कुठून ठाऊक? अहो, तिचाही तोच भोग होऊन गेलेला. शहरातला व्यापारी ब्राउझरवर बांगड्यांचे नमुने दाखवायचा, आणि ही सहा महिने चिखल बघून "मस्त आहे" म्हणायची. दुकानात एकाच रंगाचे चाळीस डझन आले तेव्हा सुनेला संशय आला. सुनेनं शिकवलं. सून बोलली पुष्कळ, पण शिकवलं.

जैतुनबींनी उंदीर हातात घेतला. महादूकाका, दचकू नका, संगणकाचा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं होती. एकाखाली एक. आण्णांनी आजवर ती पाहिलीच नव्हती. पाहिली असती तर हात जोडले असते, ब्रह्मा विष्णू महेश असेच एकाखाली एक उभे असतात दाटी झाली की. त्या टिंबांवर टिचकी मारली. यादी उघडली. यादीत खाली सेटिंग्ज. आणि सेटिंग्जमध्ये, मंडळी, नीट ऐका, एक शब्द लिहिला होता. शब्द कोणता?

स्वरूप.

ऋषी हजारो वर्षं गुहेत बसले, स्वरूप कुठं आहे? वारा खाल्ला, पानं खाल्ली, वारूळ अंगावर वाढलं, स्वरूप कुठं आहे? आणि ते होतं वरच्या उजव्या कोपऱ्यात, तीन टिंबांच्या खाली, 'प्रिंट करा'च्या जरा पुढं.

"स्वरूपात जायचं," जैतुनबी म्हणाल्या.

आण्णा कचरले. "लगेच?"

"मग कधी? आरती जवळ आली."

अक्षराचा आकार शंभर होता. जैतुनबींनी एकशे दहा केला. "काय वाटतं?" "मुंग्याच आहेत. पोट भरलेल्या." एकशे पंचवीस. "झुरळं." दीडशे. आण्णांनी मान पुढं काढली. बांगडी भरताना त्या गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. कुठं दुखतं ते तोंडावर कळतं. आत्ताही त्या पडद्याकडं बघत नव्हत्या, आण्णांच्या कपाळाकडं बघत होत्या. पावणेदोनशे केला आणि कपाळावरची आठी सुटली.

"'म' आहे," आण्णा म्हणाले. "बी, हा 'म' आहे. आणि हा 'भ'. यांची गाठ वेगळी असते. मी विसरलोच होतो."

पण पांढरं पान अजून डोळ्यात टोचत होतं. तेव्हा त्यांनी रंग उघडले. पाठीमागचा रंग काळा केला, अक्षर पांढरं. तेवढ्यात खुस्पे परत आले. दारातून त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले.

"हे काय केलंय? देवीच्या कार्यात काळं?"

"डोळ्याला बरं पडतं, अध्यक्ष," जैतुनबी म्हणाल्या.

"चैत्राचा महिना. सवाष्णी दर्शनाला आल्यात. आणि इथं काळा पडदा? संगणक वारला का काय?"

आता यावर कुणी वाद घातला असता. जैतुनबींनी घातला नाही. चाळीस वर्षं बायकांना बांगड्यांचे रंग निवडून देणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की काळं नको म्हटलं की वाद घालायचा नसतो, दुसरा डझन काढायचा असतो. पाठीमागं गडद हिरवा घातला, अगदी चुड्याचा हिरवा. अक्षराला हळदीचा पिवळा दिला.

"आता?"

खुस्प्यांनी तिरप्या नजरेनं पाहिलं. "हे चालेल. हे मंगल आहे." आणि घड्याळ दाखवून बाहेर गेले.

मधेच त्या पडद्यावर एक चौकट उघडली. जैतुनबींचं बोट कुठं तरी पडलं असणार. चौकटीत विचारलं होतं, 'सर्व काही मूळ स्वरूपात न्यायचे आहे का?' आण्णांना आता अक्षर लख्ख दिसत होतं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हात जोडून म्हणाले, "एवढ्यात नको. जत्रा होऊ द्या."

जैतुनबींनी 'रद्द करा' दाबलं. मोक्ष टळला.

आणि मग आण्णांनी यादी वरपासून वाचायला घेतली. पहिली ओळ वाचली होती. दुसरी वाचली होती. तिसरी — तिसरी त्यांनी गाळली होती. सातवी गाळली होती. नववी गाळली होती. हिरव्यावर पिवळी अक्षरं, पावणेदोनशेच्या मापाची, एकेक ओळ समोर येऊन उभी राहायला लागली. अकरा ओळी. अकरा माणसं सकाळपासून कुठल्या तरी दरवाजावर उभी होती. आपलं नाव आता पुकारतील, आता पुकारतील, म्हणून कर्ण्याकडं बघत होती.

यादीतली तिसरी ओळ अशी होती — हरवले आहेत. बाळकू येवले. वय ७१. उंच, पांढरा फेटा, कानात कापूस. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलेली नाही. सून शालन दरवाजा क्रमांक तीनवर उभी आहे. नोंदीची वेळ, आठ वाजून वीस मिनिटं.

घड्याळात साडेअकरा झाले होते. बाकावर म्हातारा बिस्कीट खात होता.

मंडळी, आता सांगा. आण्णांनी काय करावं? ओळी आत्ताच आल्या असं दाखवून खणखणीत वाचल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? माईक राहिला असता, नारळ टळला असता. अहो, आपण सगळे हेच करतो. काम तीन महिने उशिरा करायचं आणि "आत्ताच आलं हो टेबलावर" म्हणायचं. चोख वाचायला आता डोळे होते, खुस्पे खूश झाले असते.

आण्णांनी माईक ओढला.

"लक्ष द्या. मी धोंडीराम दिवटे बोलतोय. सकाळपासून मला अक्षर दिसत नव्हतं. जे दिसलं नाही ते मी सोडून दिलं. अकरा नावं सोडली. ती आता वाचतो. ज्यांना उशीर झाला त्यांनी मला बोलायला यावं. कमिटीला बोलू नये, त्यांना ठाऊक नव्हतं."

आणि एकेक नाव वाचलं. घाई केली नाही. तिसऱ्या ओळीतलं नाव वाचून झालं तेव्हा माईक बंद करून ते बाकाकडं वळले. "बाबा, मी मघाशी खोटं बोललो. तुम्हाला शोधतायत. आठ वीसपासून."

म्हातारा थांबला. "आठ वीस? नक्की?"

"लिहिलंय."

"मी आठला चुकलो होतो," म्हातारा म्हणाला. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे वीस मिनिटांत. वीस मिनिटांत शोधायला लागली पोरगी." आणि फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. तोंडच पुसलं का डोळे, ते जवळ वाकलं असतं तर आण्णांनाही कळलं असतं. पण त्यांनी बघितलं नाही.

शालन पळत आली. आधी गोळी दिली, मग पाणी दिलं, मग रडली. बाईचा क्रम बघा, मंडळी. आपण आधी रडलो असतो आणि गोळी राहिली असती. रडून झाल्यावर आण्णांकडं वळली. "तीन तास उभी आहे मी. पायाला गोळे आलेत. एवढं नाव वाचता येत नव्हतं?"

"नव्हतं," आण्णा म्हणाले. "चुकलो, ताई."

मागोमाग खुस्पे. दारात उभे. "धोंडीराम, यंत्रानं अकरा नावं सोडली नसती."

"नसती."

"मग?"

"मग बसवा यंत्र." आण्णांनी माईकची मान वळवून त्यांच्याकडं केली. "माझं म्हणणं नाही काही. आज सगळ्या ओळी नीट वाचून उठतोय, एवढं पुरे."

तेवढ्यात म्हाताराच बोलला. "अध्यक्ष, यंत्रानं सात म्हटलं असतं नव्हं?"

"म्हणजे?"

"सातचं पोर सापडलं, असं नीट सांगितलं असतं. मग मी कशाला इथं आलो असतो? मी डोंगरामागच्या वाटेनं घरी चाललो होतो. चालत. बिनगोळीचा."

शालननं सासऱ्याकडं पाहिलं, मग आण्णांकडं. चप्पल सरळ करून घातली.

सावध, मंडळी. याचा अर्थ चुकीचं वाचावं असा नाही. उद्या कोणी परीक्षेत पेपर चुकवून आला आणि म्हणाला महाराजांनी सांगितलं, तर माझा संबंध नाही. देवीनं चूकही वाया जाऊ दिली नाही, एवढाच अर्थ.

खुस्पे नुसते पडद्याकडं बघत राहिले. बघता बघता ओठ हलायला लागले. "नोंद क्रमांक चौदा. तांब्याची कळशी. वरच्या कडेला नाव..." मनाशीच वाचत होते. मधेच थांबले. खिशाला हात लावला. खिशात चष्मा होता, घडी घातलेला. चार वर्षं तो खिशातच होता. कमिटीच्या कागदांवर सह्या करताना काढायचा नाही, वय दिसतं म्हणून. कशावर सह्या केल्या ते देवीलाच ठाऊक.

खुस्पे जैतुनबींच्या जवळ सरकले. आवाज एवढा खाली आणला, की अठरा कर्ण्यांचा मालक आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"हे... मोबाईलवर पण होतं का हो?"

"होतं की," जैतुनबी म्हणाल्या. "द्या इकडं. माप बघू."

मोबाईल हिरवा-पिवळा झाला. खुस्प्यांनी एक निरोप वाचला, दुसरा वाचला. मग घसा खाकरला. "धोंडीराम, यंत्र पार्किंगला लावू. 'येथे वाहने उभी करू नयेत' म्हणायला. तिथं तसंही कुणी ऐकत नाही. तू बस."

आण्णा बसले. त्यांना जैतुनबींचे आभार मानायचे होते, पण त्या दारात पोचलेल्या. "नाव घेऊ नका माझं," त्या म्हणाल्या. "दुकान टाकून इथं बसले म्हणून सून आधीच भडकलीय."

आण्णांनी माईक चालू केला.

"लक्ष द्या. एक इसम सापडला आहे. नाव धोंडीराम दिवटे, वय अठ्ठावन्न. सकाळपासून पडद्यासमोर बसल्या जागी हरवला होता. ज्यांनी शोधून आणला त्यांचं नाव सांगायला मनाई आहे. त्या दुकान क्रमांक चारमध्ये बसल्या आहेत आणि आत्ता माझ्याकडं रागानं बघत आहेत. हे मला न बघताही स्पष्ट कळतं आहे. त्याबद्दल त्यांचे आभार. त्यांचे आभार. दोनदा चुकून वाचलेलं नाही."

आणि दुकान क्रमांक चारपुढं जी गर्दी झाली, तिनं सुनेचा राग संध्याकाळपर्यंत पुरा उतरला.

पुढं आण्णांचं ऑपरेशन झालं. डोळे चांगले झाले. पुढच्या जत्रेला कमिटीनं विचारलं, आता अक्षर पहिल्यासारखं बारीक करायचं का? आण्णा म्हणाले, राहू द्या. मला दिसतंय, पण या खुर्चीवर माझ्यानंतर कोण बसेल, त्याचे डोळे मला ठाऊक नाहीत.

मिळालं का उत्तर? वाकायचं कोणी? अक्षरानं. आणि अक्षराला आपण होऊन वाकता येत नाही, त्याला वाकवायला मधे एक माणूस लागतो. त्या माणसाचं नाव उपकार.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात कोण डोळे बारीक करून बघतंय? "दिसतं का?" असं विचारू नका. "दिसतं" असंच म्हणतील. एकतीस वर्षांचा मान असतो त्यांचा, तो असा सोडत नाहीत. फोन किती लांब धरलाय ते बघा. आलेला फोटो न बघता "छान आहे" म्हणतात का ते बघा. आणि दिसलं, की चिडू नका, "किती वेळा सांगायचं" म्हणू नका. शेजारी बसा, कपाळाकडं बघा, आठी सुटेपर्यंत अक्षर वाढवा. आणि ज्यांचं कुणी असं वाढवून दिलं असेल, त्यांनी नुसतं "हं" म्हणून फोन ओढून घेऊ नका. आभार माना.

आरतीला दहा मिनिटं आहेत. उद्या करू म्हणाल, म्हणून आत्ताच करू. पुढच्या रांगेतल्या निळ्या लुगड्याच्या काकू, तुमचा फोन द्या इकडं. द्या हो, पळून जात नाही, सगळे बघतायत. ही तीन टिंबं. हे स्वरूप. एवढं? अजून? आता? घ्या. वरचा निरोप मोठ्यानं वाचा बरं.

काय? पुन्हा वाचा, मागच्यांना ऐकू येऊ द्या.

'आई, नीट पोचलो. जागा चांगली आहे. काळजी करू नकोस.'

कधीचा आहे, काकू? गुरुवारचा. आणि आज रविवार.

मंडळी, गुरुवारी पोचलेलं लेकरू आत्ता पोचलं. टाळ उचला. ज्यानं ज्यानं आपल्याला कधी काही मोठं करून दाखवलं, त्याचं नाव मनात घ्या आणि बोला, सोनजाई माउलीचा उदो उदो.